कानाचं कॅलिब्रेशन

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत क्वालिटी खात्यात काम करणाऱ्याला ‘गेज आर अँड आर’ समजावून सांगावं लागत नाही. तेच पीस, दोन-तीन इन्स्पेक्टर; प्रत्येकाने पुन्हा पुन्हा मोजायचं, आधीचं रीडिंग पाहायचं नाही. मग कळतं की फरक पीसमध्ये आहे, मोजणाऱ्याच्या हातात आहे की गेजमध्येच. ही शिस्त अंगात मुरलेली माणसं घरासाठी सीडी प्लेअर निवडताना मात्र ती कारखान्याच्या गेटच्या आतच ठेवून येतात, याचं मला वाईट वाटतं. पिंपरी कॅम्पातल्या दुकानात एका प्लेअरवर एक गाणं ऐकायचं, दुसऱ्यावर दुसरंच, व्हॉल्यूम कुठे होता हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि तरी ‘याचा बेस भारी’ असा निकाल लागतो. याला तुलना म्हणता येत नाही.

प्लेअरच्या पोटात घडतं ते आपल्या भागातल्या माणसाला आवडेल असंच आहे. तबकडीवरच्या दोन लगतच्या ओळींत अंतर १.६ मायक्रॉन. ७८० नॅनोमीटरचा लेसर त्या ओळीवर धरून ठेवायचा, तोही तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० आणि कडेला सुमारे २०० फेरे घेत असताना. फिरण्यात थोडं कमीजास्त झालं तरी सूर हलत नाही, कारण वाचलेले आकडे आधी साठवले जातात आणि क्रिस्टलच्या ठोक्यावर पुढे सोडले जातात. छोटा ओरखडा आला तर हरवलेले आकडे गणिताने जसेच्या तसे परत मिळवता येतात. म्हणून प्लेअर सुस्थितीत असेल तर स्वस्त काय, महाग काय, तबकडीवरून वाचलेले आकडे सहसा तेच असतात.

फरक उरतो तो आकड्यांचा आवाज करण्यात; हे काम कन्व्हर्टर करतो. सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्यात डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच कन्व्हर्टर होता, त्यामुळे एक बाजू सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे पडे. आवाजाच्या वेगाने हिशेब केला तर हे अंतर ४ मिलिमीटरांहूनही कमी भरतं. मान किंचित वळवली तरी तेवढं बदलतं. फिलिप्सने १४ बिटांचा कन्व्हर्टर घेऊन चौपट ओव्हरसॅम्पलिंग केलं, म्हणजे मधले आकडे गणिताने भरून त्यांची संख्या चौपट केली. त्या काळी हे मार्ग खरोखर वेगळे होते. नंतर चांगला कन्व्हर्टर साध्या डीव्हीडी प्लेअरमध्येही बसू लागला.

मग घरी तुलना कशी करावी? सर्वांत मोठा सापळा आवाजाच्या पातळीचा. प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट असतं. एकाने २ आणि दुसऱ्याने २.३ व्होल्ट दिले तर १.२ डेसिबलचा फरक पडतो. कानाला तो ‘जास्त मोठा’ असा वाटत नाही, ‘जास्त जिवंत’ असा वाटतो. म्हणून टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावं आणि दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत जुळवून घ्यावं. एकाच सीडीच्या दोन प्रती एकदम सुरू कराव्यात. घरातल्या कुणीतरी आपल्या नजरेआड सिलेक्टर फिरवावा आणि आपण फक्त प्लेअर ओळखावा. सोळापैकी बारा वेळा बरोबर आलं तर दखल घ्यावी. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. परीक्षेला तानपुरा घ्यावा, त्याच्या जवारीत वरचे स्वरांश भरपूर असतात. शिवाय एखादं जुनं मोनो भावगीत: गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून आला पाहिजे.

बोस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये अशीच आंधळी चाचणी प्रसिद्ध केली. उच्च प्रतीच्या तबकडीचा आवाज थेट, आणि तोच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून गाळून. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून येतील तेवढीच.

याउलट खोली काय करते पाहा. मोशी-रावेतच्या फ्लॅटमधली दहा बाय बारा फुटांची खोली ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास घुमते. खुर्ची दोन फूट सरकवली की खालच्या सुरांत कित्येक डेसिबलचा फरक पडतो आणि डग्ग्याची घुमक फुगते किंवा पार विरते. चांगल्या प्लेअरची चूक अर्ध्या डेसिबलच्या आत असते. गुळगुळीत फरशी, सरकत्या काचा, डोक्यावर पंखा. मोठ्या खर्चाचा प्लेअर इथे काहीच करू शकत नाही; काचा-फरशीवरून परतणारा आवाज जाड पडदा आणि सतरंजी पुष्कळ आवरतात.

प्लेअर वाईट असतात ते वेगळ्या कारणांनी. पॉवर सप्लाय हलका असला की गुणगुण येते, लेसर थकला की गाणं अडखळतं, आणि आपल्याकडची धूळ लेन्सवर बसते. पुण्याच्या जुन्या बाजारात प्लेअर घ्यायचा तर जास्त लांबीची सीडी शेवटपर्यंत वाजवून पाहावी. थकलेला लेसर सहसा कडेला दगा देतो.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. अडखळत नसलेला, गुणगुण नसलेला कुठलाही प्लेअर पुरे. उरलेले पैसे स्पीकरवर आणि खोलीवर घालावेत. सीडी पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. आणि छापील बाजू अधिक जपावी, आकड्यांचा थर तिच्या लगेच खाली असतो. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या छोट्या प्रकाशकांनी काढलेलं सगळं गाणं आज ऑनलाइन मिळेलच असं नाही. दिवाळीच्या आवराआवरीत अशा सीडी रद्दीत घालू नका.