मशीन अडलं? आधी पिन काढा

कपडे वरून टाकायचं धुण्याचं मशीन आता आपल्याकडेही बऱ्याच घरांत आलंय. ते अडलं की तालुक्याहून मेकॅनिक येईपर्यंत धुण्याचा ढीग वाढतो, आणि नुसतं येऊन बघायचेही पैसे मोजावे लागतात. पण पुष्कळदा बिघाड मशीनमध्ये नसतोच. तो पाण्यात नाहीतर पाईपात असतो, आणि तेवढं आपल्याला बघता येतं.

हात लावण्याआधी पिन सॉकेटमधून काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

मशीन पाणी घेत नाही किंवा अगदी हळू घेतं, ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. नळ बंद करा आणि मशीनला जोडलेला पाईप हाताने फिरवून सोडवा. आत बारीक जाळी दिसेल. बोअरच्या पाण्यातली रेती आणि टाकीतला गाळ तिथंच अडकतो. जाळी हलकेच ओढून जुन्या दातांच्या ब्रशने घासा आणि परत बसवा. काही जणी कटकट नको म्हणून ती काढूनच टाकतात. तसं करू नका. रेती आतल्या झडपेत गेली की झडप नीट मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही पाणी आत ठिबकत राहतं.

जाळी साफ आहे, तरी पाणी येत नाही? मग मशीन चालू करून बादलीने पाणी ओतून बघा. ते धुवायला लागलं, तर मोटार ठीक आहे. अडचण पाणी आत येण्याच्या वाटेवर आहे. टाकी फार खाली असली तरी असं होतं.

पाणी बाहेर जात नसेल तर बाहेरचा पाईप बघा. परसबागेतल्या केळीपर्यंत पाणी न्यायला आपण पाईप लांबवतो, आणि तो कुठंतरी दुमडतो किंवा त्याचं तोंड चिखलात रुततं. बऱ्याच मशीनमधलं पाणी उतारानेच जातं, म्हणून पाईप उचलून भिंतीवर टांगू नका. आणि पाणी गेलं नाही, तर कपडे पिळलेही जात नाहीत.

पिळताना मशीन धडधडतं, ते बहुधा एकट्या गोधडीमुळे. ती भिजून एका बाजूला बसते. झाकण उघडून ती सारखी पसरा. फरशी उंचसखल असेल तर पाय फिरवून मशीन समतोल करा. झाकण नीट लागलं नसलं तरी पिळणं थांबतं.

नुसता घूं आवाज येतो आणि फिरत मात्र नाही, तेव्हा पट्टा सैल झालेला असतो किंवा कपॅसिटर गेलेला असतो. हे काम मेकॅनिकचं. कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही वीज साठून राहते, म्हणून मागचं झाकण उघडायचं नाही. उंदरांनी वायर कुरतडली असेल तरी तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या हाताने मशीनला शिवल्यावर मुंग्या येत असतील, तर ‘थोडा करंट येतो, चालायचंच’ म्हणून सोडू नका. यात जीव जाऊ शकतो. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. कुठं वायर असते, पण अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. वायरमनकडून दोन्ही तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. करंट गळला की तो लगेच वीज तोडतो. हे होईपर्यंत पिन काढलेलीच ठेवा आणि कपडे हाताने धुवा.