रंगारी ठरवताना
ओझरमध्ये दिवाळीच्या तोंडावर चांगला रंगारी मिळणं कठीण, म्हणून बोलणी गणपतीतच उरका. दर चौरस फुटावर ठरतो. तो नुसत्या मजुरीचा की मालासकट, मोजताना दारं-खिडक्या वजा होणार का, हे लिहून घ्या. खरी पारख पुट्टीत. त्याने नुकतंच रंगवलेलं घर रात्री बघा, बॅटरी भिंतीलगत आडवी धरा: घासकाम आळसात उरकलं असेल तर लाटा लगेच दिसतात. डबे आपल्यासमोर फोडायला लावा. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. जुना ऑइलपेंट पाणी मारूनच घासावा. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. आणि ओल आलेली भिंत ‘रंगाने झाकतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.