अँटवर्प येथील उसनीं पिस्तुलें

सामन्यांच्या कोष्टकांत विजेत्याचें नांव, राष्ट्र व गुण लिहिलेले असतात. ज्या हत्यारानें जय मिळाला तें कोणीं घडविलें व कोणीं पुरविलें, हें मात्र बहुधा लिहिलेलें नसतें. त्यामुळें आरंभींच्या ऑलिंपिक सामन्यांविषयीं चुकीचें अनुमान कसें निघूं शकतें, हें एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८९६ मध्यें अथेन्स येथें जॉन व सम्नर पेन हे अमेरिकन बंधु स्वतःचीं हत्यारें घेऊन उतरले होते. पिस्तुलांच्या तीन सामन्यांपैकीं एकांत, त्यांचीं पिस्तुलें रूढ व्यासाचीं नाहींत म्हणून त्यांस वगळण्यांत आलें. उरलेल्या दोहोंत प्रत्येकानें एकेक जय मिळविला. इ. स. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकापर्यंत हा प्रकार पालटला होता. आतां कारखानदार राष्ट्रीय संघांसाठीं मुद्दाम हत्यारें घडवूं लागले होते. स्मिथ अँड वेसनच्या एकबारी पिस्तुलांपैकीं कांहींत काडतुसाचें घर आंखूड ठेवीत. त्यायोगें गोळी आधींच नळीच्या आट्यांत बसे व नेम अधिक अचूक होई. या घडणीस ‘ऑलिंपिक’ हेंच नांव पडलें.

ब्राझीलच्या संघाची स्थिति याच्या अगदीं उलट होती. प्रवासांत त्याच्या साहित्याची चोरी झाली. संघांतील अफ्रानियो दा कोस्टा यांच्या कथनाप्रमाणें, तेव्हां अमेरिकन संघानें, कोल्ट कारखान्यानें खास अमेरिकनांसाठीं तयार केलेलीं दोन पिस्तुलें व सुमारें २,००० काडतुसें त्यांस दिलीं. २ ऑगस्ट रोजीं ५० मीटरांच्या सामन्यांत अमेरिकेचे कार्ल फ्रेडरिक ४९६ गुणांनीं पहिले, तर दा कोस्टा ४८९ गुणांनीं दुसरे आले. दुसऱ्या दिवशीं ३० मीटरांच्या सामन्यांत ब्राझीलच्याच गिलेर्मी पाराएन्से यांनीं २७४ गुण मिळवून अमेरिकेच्या रेमंड ब्रॅकन यांस दोन गुणांनीं मागें टाकिलें. ब्राझीलचें हें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक होय.

केवळ कोष्टक पाहणारा येथें अमेरिकन हत्यारांचा पराभव झाला असें म्हणेल. वस्तुतः हरला तो अमेरिकन नेमबाज, हत्यार नव्हे. दा कोस्टा यांची साक्ष आम्हांस ग्राह्य वाटते. कारण स्वपक्षाच्या यशांत प्रतिपक्षाचा वाटा कबूल करण्यांत त्यांचा कांहींच लाभ नव्हता. हत्यार कारखान्यानें पुरविलें, औदार्य प्रतिस्पर्ध्यानें दाखविलें. नेम मात्र पाराएन्से यांचा स्वतःचा होता.