बुद्धिबळाच्या संगणकाची जोडसाधने

संगणकावर बुद्धिबळ खेळता येते, ही गोष्ट आता खेडोपाडीच्या शाळकरी मुलांनाही नवी राहिलेली नाही. परंतु संगणक हा खेळ कशाच्या बळावर खेळतो आणि कोणत्या साधनांची जोड दिली असता तो शिक्षकाचे काम काही अंशी करू शकतो, यासंबंधीची माहिती पुष्कळदा शहरांतील प्रशिक्षणवर्गांपुरतीच मर्यादित राहते. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुल्या गटाची विश्वचषक स्पर्धा गोव्यात भरली. अशा वेळी गावोगावच्या मुलांना या खेळाची ओढ लागणे स्वाभाविक आहे. ज्या गावात बुद्धिबळाचा प्रशिक्षक नाही, तेथील होतकरू मुलाला या साधनांची गरज सर्वांत अधिक. ती बहुतांशी विनामूल्य मिळतात. अडचण पैशाची नसून ओळखीची आहे.

प्रथम मूळ यंत्रणेविषयी. चाल शोधून काढणाऱ्या आज्ञावलीस ‘इंजिन’ असे म्हणतात. आज सर्वत्र वापरले जाणारे ‘स्टॉकफिश’ हे इंजिन २००८ साली नॉर्वेचे टॉर्ड रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’ या आज्ञावलीतून निर्माण झाले व पुढे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी ते वाढविले. शाळेतील साध्या संगणकावर चालणारे हे इंजिन कोणत्याही जगज्जेत्यास भारी आहे. तथापि एखाद्या शिक्षकाने ते मिळवून प्रथमच सुरू केले, तर त्याच्यासमोर एक काळी चौकट आणि तीत नावाची एक ओळ एवढेच उमटते. पट दिसत नाही, मोहरी दिसत नाहीत. संगणकात काही बिघाड झाला, अशी त्याची समजूत होते आणि प्रयत्न तेथेच थांबतो. वस्तुतः बिघाड काहीच नसतो. इंजिनाला केवळ गणित येते. पट मांडणे, मोहऱ्यांची हालचाल दाखविणे, घड्याळ लावणे ही कामे दुसऱ्या आज्ञावलीची असून तिची जोड द्यावी लागते.

ही जोड देता यावी म्हणून दोहोंची बोलण्याची भाषा एक असावी लागते. श्री. रुडॉल्फ हुबर व श्री. श्टेफान मायर-काह्लेन यांनी नोव्हेंबर २००० मध्ये अशी एक सामाईक भाषा प्रसिद्ध केली. तिचे ‘यूसीआय’ हे आद्याक्षरी नाव प्रत्येक पटाच्या आज्ञावलीत कोठे ना कोठे आढळेल. कोणत्याही कंपनीचा दिवा कोणत्याही होल्डरमध्ये बसावा, तसे या भाषेमुळे कोणतेही इंजिन कोणत्याही पटाला जोडता येऊ लागले. विनामूल्य मिळणाऱ्या पटांपैकी ‘अरेना’ हा सुटसुटीत आहे. शाळेसाठी मात्र ‘लुकास चेस’ अधिक उपयोगी ठरावा. त्यात दुबळ्यापासून बलवानापर्यंत अनेक इंजिने आणि पुष्कळसा अभ्यास आधीच भरलेला असतो.

येथे एका गोष्टीची नोंद घेणे इष्ट होईल. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते आणि राजाला किल्लेकोटाऐवजी एकदा घोड्याची चाल मिळते. ही इंजिने आंतरराष्ट्रीय नियम पाळतात. घरी आजोबांकडून खेळ शिकलेला मुलगा आपली चाल संगणक का नाकारतो म्हणून गोंधळून जातो. तो भेद आरंभीच सांगितलेला बरा.

डावाच्या आरंभाची पोथी

पहिले जोडसाधन म्हणजे प्रारंभीच्या चालींचा संग्रह. खेळाडू त्यास ‘बुक’ म्हणतात. अमुक स्थितीत कोणत्या चाली प्रचलित आहेत आणि त्या किती वेळा खेळल्या जाव्यात, एवढीच नोंद त्यात असते. डाव नोंदीतील मार्गाने चालला आहे तोवर इंजिन विचार न करता तेथून चाल उचलते. फ्रान्सचे फाब्यें लेतूझे यांनी ‘पॉलिग्लॉट’ या आज्ञावलीसाठी ठरविलेली नोंदपद्धती आज सर्वत्र रूढ असून तशा पोथ्या सहज मिळतात.

या पोथीचे महत्त्व ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे साऱ्या जगाने पाहिले. आयबीएम कंपनीच्या ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाविरुद्धच्या सहाव्या व अखेरच्या डावात गॅरी कास्पारोव्ह यांनी कारो-कान बचावात एक प्यादे अवेळी पुढे केले. संगणकाने तत्काळ आपला घोडा अर्पण केला. हा बळी संगणकाने गणित करून दिलेला नव्हता. तो माणसांनी आधीच पोथीत लिहून ठेवलेला होता. १९ चालींत कास्पारोव्ह यांनी डाव सोडला आणि सामना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी संगणकाने जिंकला. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राच्या त्या विजयात माणसाने तयार केलेल्या यादीचाही वाटा होता, हे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसे आले नाही.

आजची इंजिने पोथीवाचूनही उत्तम खेळतात. तरीही शिकणाऱ्याला तिचा उपयोग आहे, कारण पोथी असली म्हणजे संगणक दररोज एकाच मार्गाने न खेळता आलटून पालटून निरनिराळे प्रारंभ समोर आणतो.

अखेरच्या स्थितींचे कोष्टक

दुसरे साधन याहून फार विलक्षण आहे. पटावर थोडीच मोहरी उरली असताना प्रत्येक शक्य स्थितीचा अंतिम निकाल नोंदविलेली कोष्टके तयार करण्यात आली आहेत. इंजिन अंदाज बांधते. हे कोष्टक निर्णय सांगते.

कोष्टक तयार करण्याची रीत उलट्या दिशेची आहे. समजा, एका बाजूस राजा व हत्ती आणि दुसऱ्या बाजूस एकटा राजा आहे. प्रथम मात झालेल्या सर्व स्थिती शोधून बाजूला काढावयाच्या. नंतर ज्या स्थितींतून एका चालीत तेथे पोहोचता येते त्या, मग ज्या स्थितींत प्रतिपक्षाने काहीही केले तरी तो त्यांतच सापडतो त्या, असे एकेक पाऊल मागे जावयाचे. अशा रीतीने मागे जाताना एकही नवी स्थिती सापडेनाशी झाली की कोष्टक पूर्ण झाले. या मोजणीवरून असे दिसते की, राजा व हत्ती यांना कितीही गैरसोयीच्या मांडणीतून जास्तीत जास्त १६ चालींत मात करता येते. वजीर असल्यास १० चाली पुरतात. उंट व घोडा मिळून मात करावयाची झाल्यास ३३ पर्यंत चाली लागू शकतात आणि हे काम मुरलेल्या खेळाडूंनाही जड जाते.

या शास्त्राचा दबदबा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे केन थॉम्प्सन यांच्या कामामुळे निर्माण झाला. वजीर विरुद्ध हत्ती ही स्थिती पुस्तके निःशंकपणे वजीरवाल्याच्या विजयाची म्हणून देत असत. १९७७ साली अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन संगणकासमोर बसले. कोष्टकाच्या आधारे हत्ती अशा काही अनपेक्षित घरांवर जाऊ लागला की, ५० चालींच्या नियमात डाव जिंकणे ब्राउन यांना जमले नाही व बरोबरी मान्य करावी लागली. त्यांनी पुन्हा अभ्यास केला. दुसऱ्या वेळी दिलेली स्थिती ३१ चालींत जिंकता येण्याजोगी होती. ब्राउन यांनी नेमक्या पन्नासाव्या चालीला हत्ती टिपला.

पुढे १९८३ साली दोन उंट विरुद्ध एक घोडा या स्थितीची मोजणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जाणकार मंडळी या स्थितीत घोडेवाल्याला बचाव सापडतो असे मानीत आली होती. संगणकाने दाखवून दिले की, उंटवाला सामान्यतः जिंकतो, मात्र त्याला ६६ पर्यंत चाली लागू शकतात. अशा स्थितींसाठी जागतिक संघटनेने काही काळ ५० हून अधिक चालींची मुभा दिली होती. १९९२ साली ती रद्द करून सर्वत्र ५० चालींचा नियम कायम करण्यात आला.

कोष्टकांचा आकार हा व्यवहारातील मुख्य प्रश्न होय. दोन्ही राजे धरून जितकी मोहरी वाढतात, तितका साठा कितीतरी पटींनी फुगतो. मॉस्को विद्यापीठाच्या ‘लोमोनोसोव्ह’ या महासंगणकावर २०१२ साली सात मोहऱ्यांची कोष्टके पूर्ण झाली, तेव्हा त्यांनी १४० टेराबाइट इतकी जागा व्यापली. सात मोहऱ्यांच्या एका स्थितीत मातेस ५४९ चाली लागतात, असेही या मोजणीतून निघाले. त्यांतील बहुतेक चालींचा हेतू कोणत्याही माणसाला सांगता येणार नाही.

सुदैवाने गावातील शाळेला एवढ्याची गरज नाही. रोनाल्ड डे मान यांनी २०१३ साली ‘सिझिजी’ नावाची आटोपशीर कोष्टके तयार केली. त्यांत ५० चालींचा नियमही विचारात घेतलेला आहे. पाच मोहऱ्यांपर्यंतचा त्यांचा साठा एक गिगाबाइटच्या आत बसतो व साध्या पेन ड्राइव्हवर नेता येतो. सहा मोहऱ्यांना सुमारे १५० गिगाबाइट लागतात, तर २०१८ साली पूर्ण झालेली सात मोहऱ्यांची कोष्टके १७ टेराबाइटच्या आसपास आहेत. ही शेवटची कोष्टके विकत जागा घेऊन साठविण्याऐवजी ‘लिचेस’ या विनामूल्य सेवेवर हवी ती स्थिती मांडून पाहावी.

शाळेत या कोष्टकांचा खरा उपयोग असा की, मुलाने वजीर घ्यावा, संगणकाने कोष्टकाच्या आधारे हत्ती चालवावा आणि वहीत चालींची मोजणी ठेवावी. ब्राउन यांची परीक्षा कोणत्याही वर्गात पुन्हा घेता येते.

मूल्यमापनाची फाइल आणि आकड्यांचा अर्थ

पूर्वी हत्तीचे इतके गुण, घोड्याचे इतके, राजा उघडा असल्यास इतकी वजावट, असे नियम माणसे हाताने लिहीत. आता हे मूल्यमापन लक्षावधी स्थितींवरून शिकविलेल्या न्यूरल जाळ्याकडून होते. जपानमध्ये यू नासू यांनी २०१८ साली शोगी या जपानी बुद्धिबळासाठी योजलेली रीत सप्टेंबर २०२० मध्ये ‘स्टॉकफिश’ने स्वीकारली. ही फाइल आता इंजिनातच अंतर्भूत असते; निराळी आणावी लागत नाही.

इंजिन चालीपुढे जो आकडा दाखविते, त्याबद्दल मात्र गैरसमज फार आहे. अधिक एक म्हणजे एका प्याद्याची आघाडी, असे अनेक वर्ग अजूनही शिकवितात. ‘स्टॉकफिश’च्या डिसेंबर २०२२ मधील आवृत्तीपासून अधिक एक याचा अर्थ इतकाच आहे की, तुल्यबळ इंजिनाविरुद्ध ती बाजू जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. दहा वर्षांच्या दोन मुलांच्या डावात अशा आकड्याला काय अर्थ असणार? मुलाने आकडा पाहून आपली चाल चूक ठरविली आणि ती का चूक हे शोधलेच नाही, तर त्या दिवशीचा अभ्यास वायाच गेला. म्हणून प्रथम डाव वहीवरून मुलांनी स्वतः तपासावा, आपल्या शंका पेन्सिलीने लिहाव्यात व त्यानंतरच इंजिन सुरू करावे, हा क्रम शिक्षकांनी कटाक्षाने पाळावा.

खेळण्यासाठी पूर्ण बळाचे इंजिन समोर ठेवणेही योग्य नव्हे. सततच्या पराभवाने मूल कंटाळते. ‘स्टॉकफिश’चे बळ सुमारे १,३२० मानांकनापर्यंत खाली आणता येते; परंतु अशा वेळी ते मधेच ढोबळ चुका करते व त्या माणसाच्या चुकांसारख्या नसतात. यावर उपाय म्हणून संशोधकांनी २०२० साली ‘माइया’ नावाची जाळी प्रसिद्ध केली. ती ‘लीला’ या इंजिनाला जोडावयाची असतात. सामान्य खेळाडूंच्या प्रत्यक्ष डावांवरून शिकविलेली असल्यामुळे अमुक पातळीचा माणूस जशी चाल करील, तशी ती करतात. १,१०० पासून १,९०० पर्यंतच्या पातळ्या उपलब्ध आहेत.

दप्तर आणि शिस्त

खेळलेले डाव जतन करण्यासाठी स्टीव्हन एडवर्ड्‌स यांनी १९९३च्या सुमारास ‘पीजीएन’ ही नोंदपद्धती ठरविली. ती साध्या मजकुराची फाइल असल्याने कोणत्याही संगणकावर उघडते. तीत मोहऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरे वापरावी लागतात. रा, व, ह, उं, घो असे लिहिण्याची सवय असलेल्या मुलांना ती तेवढी शिकवावी लागतील. ‘लिचेस’ आपल्याकडे खेळले गेलेले डाव दरमहा सर्वांसाठी खुले करते. तथापि शाळेच्या स्वतःच्या स्पर्धांतील शंभर डाव नीट नोंदविलेले असतील, तर कोट्यवधी अनोळखी डावांपेक्षा त्यांतून आपल्या मुलांच्या उणिवा अधिक लवकर कळतात.

‘स्टॉकफिश’ची प्रत दुसऱ्या शाळेला देण्यास मुळीच हरकत नाही, त्याचा परवानाच तसा आहे. मात्र त्यात बदल करून ते वाटणाऱ्याने मूळ आज्ञावलीही खुली ठेवावी, अशी अट आहे. या अटीच्या पालनावरून ‘स्टॉकफिश’च्या कर्त्यांनी २०२१ साली जर्मनीतील ‘चेसबेस’ कंपनीविरुद्ध दावा केला होता. २०२२ साली तो तडजोडीने मिटला.

स्पर्धेच्या दालनात यांपैकी एकही साधन चालत नाही. २००६ साली टोपीत बिनतारी उपकरण लपवून संगणकाची मदत घेणाऱ्या एका भारतीय खेळाडूवर १० वर्षांची बंदी घालण्यात आली होती. खेळाडूने डाव चालू असताना खेळाच्या जागी मोबाइल जवळ बाळगू नये, असा नियम आहे. तालुका पातळीवरील स्पर्धा भरविणाऱ्यांनी मोबाइल जमा करण्यासाठी दाराशी एक पेटी व नोंदवही ठेवावी आणि ती परत देण्यासाठी एका माणसाची नेमणूक करावी.