ज्वालामुखीचा अभ्यासक आणि भाषा
ज्वालामुखीशास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्याला भूशास्त्राची पदवी, भौतिकी-रसायनाचा पाया आणि पुढे अनेक वर्षांचे क्षेत्रीय संशोधन लागते. तेवढ्याने भागत नाही. १९८५ साली कोलंबियातील नेवादो देल रुइझच्या धोक्याचा नकाशा उद्रेकापूर्वीच तयार होता. तरीही आर्मेरो गाव वेळेत हलले नाही. चिखलाच्या लोंढ्यात २०,००० हून अधिक माणसे दगावली. १९९१ मध्ये फिलिपिन्समध्ये पिनातुबो जागा झाला, तेव्हा मॉरिस क्राफ्ट यांची धोके समजावणारी चित्रफीत अधिकाऱ्यांना व रहिवाशांना दाखवली गेली. उद्रेकापूर्वी हजारो लोक सुरक्षित स्थळी गेले. त्याच जूनमध्ये क्राफ्ट दांपत्य जपानच्या उन्झेनवर मृत्युमुखी पडले होते. शास्त्रीय निष्कर्ष गावकऱ्याला उमगेल अशा भाषेत सांगण्याचा सराव म्हणूनच या शिक्षणाचा भाग असायला हवा.