कुस्तीतील भाकीत आणि ‘जोड’ या शब्दाचा अर्थ

बारामती तालुक्यात माळेगाव बुद्रुक आणि माळेगाव खुर्द अशी दोन गावे आहेत. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर या शब्दाचे मराठी वळण होय. ‘खुर्द’ म्हणजे लहान, हेही फारसीच. ही विशेषणे गावांना जेव्हा जडली, तेव्हाच्या तुलनेची ती नोंद आहे. त्यांवरून कालची थोरवी कळते. उद्या कोणते गाव वाढेल हे कळत नाही. नदीकाठच्या अशा गावांतून यात्रेच्या दिवसांत कुस्त्यांचा फड भरतो, आणि तेथे जमलेले जाणते लोक मात्र नेमका उद्याचाच प्रश्न विचारीत असतात : आज हौद्यात उतरलेल्या पोरांपैकी पुढे नाव काढणारा कोणता? या प्रश्नाचे उत्तर कोणत्या शब्दांत दिले जाते आणि त्या उत्तरावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. भाकिताची भाषा

तालमीतील बोलण्यात मल्लाविषयीची विधाने दोन प्रकारची आढळतात. ‘होतकरू’, ‘तयारीचा’, ‘अंगापिंडाने मजबूत’ ही विशेषणे मल्लाच्या ठिकाणी एखादा गुण वास करीत आहे असे सांगतात. उलट ‘तोडीचा’, ‘जोडीचा’, ‘भारी’, ‘सरस’ या शब्दांना दुसरा मल्ल गृहीत धरावा लागतो. कोणाच्या तोडीचा, कोणाहून सरस, हे सांगितल्यावाचून त्यांचा अर्थ पुरा होत नाही. पहिला वर्ग निरपेक्ष, दुसरा सापेक्ष होय.

भविष्यकाळाच्या रूपांतही असाच भेद आहे. ‘हा केसरी होईल’ हे अनुमान. ‘हा केसरी होणार’ यात बोलणाऱ्याच्या मते गोष्ट जवळजवळ ठरलेली आहे. ‘हा केसरी व्हायला हवा’ यात अपेक्षा आहे, आणि अपेक्षाभंग झाल्यास दोष मल्लाकडे जाण्याची सोयही आहे. ‘होतकरू’ या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. त्याला मुदत नाही. मल्ल विशीत हरला तरी तो होतकरू, पंचविशीत हरला तरी होतकरूच. पुढे त्याने कुस्ती सोडली, तर ‘नशिबाने साथ दिली नाही’ असे म्हटले जाते. जे विधान कोणत्याही घटनेने खोटे ठरू शकत नाही, ते प्रशंसा असू शकेल, भाकीत नव्हे.

२. जोड ठरविणे

खरे भाकीत फडात अन्य ठिकाणी केले जाते. पंच व जाणती मंडळी दोन मल्लांना शेजारी उभे करून त्यांचे वय, वजन, उंची आणि आजवरचा लौकिक पाहतात व जोड ठरवितात. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. त्यापुढे इनामाची रक्कम चढत जाते आणि अखेरची मोठी कुस्ती सर्वांत नामांकित जोडीची असते. अशा रीतीने फडाचा क्रम हीच एक मानांकनाची यादी होय. ती कागदावर क्वचितच राहते, परंतु इनामाच्या आकड्याने ती सर्वांना ऐकू येते.

‘जोड’ या शब्दात एक नेमका अंदाज सामावलेला आहे : हे दोघे समबल आहेत, कोणीही जिंकू शकेल. जोड ‘काटाजोड’ ठरली तर पंचांची वाहवा होते. एकाने दुसऱ्याला क्षणात चीतपट केले, तर जोड चुकली असे लोक म्हणतात. येथे अंदाज आणि त्याची कसोटी एकाच संध्याकाळी पुरी होते. ‘होतकरू’ या शब्दाला जे साधत नाही, ते ‘जोड’ या शब्दाला साधते.

३. जोडीवरून क्रम

दोघांदोघांच्या तुलनेवरून अनेकांचा क्रम लावण्याचा प्रश्न गणितज्ञांनीही हाताळला आहे. झेर्मेलो यांनी १९२९ मध्ये बुद्धिबळाच्या संदर्भात, आणि ब्रॅडली व टेरी यांनी १९५२ मध्ये सर्वसाधारण रूपात त्याची मांडणी केली. अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली, तिचे तत्त्वही तेच आहे. प्रत्येक खेळाडूला एक अंक द्यावयाचा. दोन अंकांतील अंतरावरून निकालाची संभाव्यता काढावयाची. निकाल लागल्यावर अंक सुधारावयाचे. या पद्धतीत २०० गुणांची आघाडी असलेल्या खेळाडूकडून शंभरांपैकी सुमारे ७६ गुणांची अपेक्षा असते. ४०० गुणांची आघाडी असल्यास ही अपेक्षा सुमारे ९१ वर जाते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, विषम जोडीत बलवान जिंकला तर नवी माहिती जवळपास मिळत नाही. समबल जोडीचा निकाल मात्र सर्वाधिक माहिती देतो. जोड बरोबरीची असावी हा फडाचा आग्रह प्रेक्षकांच्या रंजनासाठी असला, तरी ज्ञानाच्या दृष्टीनेही तो योग्यच ठरतो. दुसरी अशी की, तुलनेची साखळी अखंड असावी लागते. नीराकाठचा मल्ल आणि पंचगंगेकाठचा मल्ल यांची, किंवा त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची, कधीच गाठ पडली नसेल, तर त्यांचा परस्परक्रम सांगता येत नाही. १९६१ पासूनची महाराष्ट्र केसरी स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्यांच्या तुटक साखळ्या जोडते, हे तिचे एक कमी लक्षात आलेले कार्य होय.

४. किताब काय सांगतो

किताब हा मात्र भाकिताचा कच्चा आधार आहे. तो विशिष्ट वर्षीचा आणि विशिष्ट नियमांखालचा निकाल असतो. काही मल्लांच्या बाबतीत किताब आणि पुढील वा अन्य यश यांचा मेळ बसतो. गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंद केसरी झाले आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. मारुती माने यांचा क्रम उलटा आहे : जाकार्त्याचे सुवर्ण आधी, हिंद केसरी १९६४ मध्ये. नरसिंग यादव २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरले आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात त्यांना कांस्यपदक मिळाले.

परंतु खुल्या गटाचा किताब हलक्या वजनाच्या मल्लाविषयी काहीच बोलत नाही. राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळविले. केवळ केसरींच्या यादीवरून भविष्य पाहणाऱ्यास हे नाव सापडले नसते. खाशाबा जाधव यांचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हलक्या गटात सहावा आला. मातीत वाढलेल्या मल्लाने परक्या मॅटवर मिळविलेला तो सहावा क्रमांक पुढील वाढीचे चिन्ह होता. तरीही हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. १९५२ मध्ये तेथे मिळविलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. येथे चुकला तो मल्ल नव्हे, मोजमाप चुकले. क्रमांकाकडे पाहिले गेले. तो कोणत्या परिस्थितीत मिळाला याकडे नाही.

५. एका निकालाने भाकीत खोटे ठरते काय?

मुष्टियुद्धात पैजांचे भाव उघड असल्याने हा प्रश्न तेथे स्पष्ट दिसतो. १९६४ मध्ये लिस्टनविरुद्ध तरुण क्लेचा, म्हणजे पुढील मुहम्मद अलीचा, भाव एकास सात असा होता; १९९० मध्ये टोकियोत टायसनविरुद्ध डग्लसचा भाव एकास बेचाळीस. दोन्ही वेळा दुर्बल मानलेला जिंकला. तेवढ्यावरून भाव लावणारे अडाणी ठरत नाहीत. बेचाळीस-एक असे भाव शेकडो वेळा लावले, तर त्यांतील काही उलटणारच. म्हणून संभाव्यतेची परीक्षा एका निकालावर नव्हे, भाकितांच्या मालिकेवर घ्यावी लागते. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचविलेले मापन याच कामाचे आहे. त्यासाठी चुकलेली भाकितेही लिहून ठेवलेली असली पाहिजेत. तोंडी परंपरेत खरी ठरलेली तेवढी स्मरणात उरतात आणि वस्तादाची नजर अचूक वाटू लागते.

६. वयाचा प्रश्न

अल्पवयातील यशावर भिस्त ठेवणे सर्वांत धोक्याचे आहे. आर्ने ग्युलिश आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ऑलिंपिक खेळांसंबंधी अनेक अभ्यास एकत्र करून असे दाखविले की, सतरा-अठरा वर्षांखालील आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंपैकी बहुसंख्य प्रौढ गटात तो दर्जा पुन्हा गाठीत नाहीत, आणि प्रौढ गटातील बहुसंख्य श्रेष्ठ खेळाडू त्या वयात त्या दर्जाचे नव्हते. म्हणजे दोन याद्यांतील माणसे प्रायः निराळीच असतात. लवकर भरलेले अंग, लवकर सुरू झालेला सराव यांचा लाभ वयाबरोबर ओसरतो.

ही केवळ तात्त्विक चर्चा नाही. ‘होतकरू’ ठरलेल्या मुलाला तालमीत ठेवणे म्हणजे दूध, तूप, बदामाचा खुराक अनेक वर्षे पुरविणे, आणि बहुधा त्याचे शिक्षण मागे टाकणे. थोड्या जमिनीच्या कुटुंबाला हा भार एका विशेषणाच्या भरवशावर उचलावा लागतो. ज्याला ते विशेषण लाभले नाही, त्याचा खुराक तोडला जातो. त्यात एखादा उशिरा भरणारा मल्ल असतो, पण त्याची नोंद कोठेच होत नाही.

यावर उपाय वस्तादांच्या नजरेला बाजूस सारण्याचा नाही. ती नजर जोड ठरविताना दररोज कसाला लागते, आणि तेथे ती विश्वसनीय आहे. दूरच्या भविष्याविषयी बोलतानाही तिने जोडीचीच भाषा वापरावी : कोणाच्या तोडीचा, कोणत्या वजनात, मातीत की मॅटवर, किती वर्षांत, आणि शंभरांत किती खात्रीने. यात्रांच्या फडांतील कुस्त्यांची नावे, वजने, इनाम व निकाल यांची नोंदवही एखाद्या तालुक्यापुरती जरी दहा वर्षे सलग ठेवली गेली, तरी संख्याशास्त्राच्या आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सारखाच उपयोगी असा साधनसंग्रह हाती येईल. आणि पोराला तालमीत ठेवावे की शाळेत, या प्रश्नावर कुटुंबाला विशेषणापेक्षा अधिक भक्कम आधार मिळेल.