शेत कोणाच्या नांवावर?

यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीचें निंदण व वेचणी बहुतांशीं बायांच्या हातीं असते. सातबाऱ्यावर नांव मात्र प्रायः पुरुषाचें. कर्जबाजारी शेतकऱ्यानें आत्महत्या केली म्हणजे हा भेद उघडा पडतो.

१९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेस मिळकतींत हयातीपुरताच हक्क दिला होता. १९५६ च्या कायद्यानें ती मुलांच्या बरोबरीनें वारस व आपल्या हिश्शाची पूर्ण मालकीण झाली. महाराष्ट्रांत १९९४ मध्यें, व देशभर २००५ मध्यें मुलगीहि वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हिस्सेदार ठरली. परंतु केवळ कायद्यानें पीककर्ज मिळत नाहीं. त्याकरितां तलाठ्याकडे वारसनोंद होऊन फेरफार मंजूर व्हावा लागतो. तेथें पुष्कळदां दीर-सासरेच आड येतात. आणि माहेरीं बहिणीकडून प्रेमाच्या नांवाखालीं हक्कसोडपत्र लिहून घेतात.

जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचें उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्तें झालें. तो मान उचितच होता. तथापि विधवेस पुढच्या पेरणीचा आधार देतो तो सातबाराच. म्हणून नवरा-बायको दोघें हयात असतांच शेतावर दोघांचीं नांवें लावावीं. आपला उतारा आज काढून वाचा. त्यांत घरच्या बाईचें नांव आहे काय, तें पाहा.